९५ टक्के दाखवालंय, तरी चुकलं कसं?

माझ्या भाच्याचं म्हणणं असं की गेम त्याला फसवालाय. जुलै महिना, खानापूरला ताईकडं गेलेलो, बाहेर पावसानं झोडपून काढलेलं, सकाळपासून दोनदा लाईट गेलेली आणि हा पलंगावर उताणा पडून मोबाईलवर पोकेमॉन खेळत होता. "मामा, अटॅकच्या पुढं ९५ लिहिलंय बघ, आणि लागोपाठ दोनदा चुकलं, असं असतंय व्हय?" मी म्हटलं असतंय की, ९५ म्हणजे वार लागायची शक्यता शंभरात ९५, विसातनं सरासरी एकदा चुकायचंच. खरं त्याचं तोंड काही सरळ झालं नाही. (आमच्या बेळगावी मराठीत 'खरं' म्हणजे 'पण', बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

हिशोब तसा सोपा आहे. ९५ टक्क्यांचा वार २० वेळा केला तर विसाच्या वीस लागायची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६४ टक्के वेळा निदान एक तरी वार वाया जाणारच, आणि हा पोरगा एका संध्याकाळी वीस काय, दोनशे वार करतो. तरी गणित सांगून राग जात नाही. का जात नाही ते शोधत गेलो तर लक्षात आलं की असले पाळीपाळीनं लढायचे गेम आवडतात का आणि चिडवतात का, या दोन्हीचं उत्तर बरंचसं एकच आहे.

आधी ज्यांनी हे कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी. या लढाईत धावपळ नसते. तुमची पाळी आली की शत्रू समोर नुसता उभा असतो, तुम्ही मेनूतनं वार निवडायचा, तो होतो, मग त्याची पाळी. हे आलं १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधून, म्हणजे टेबलावर बसून, कागद-पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन खेळायच्या खेळातून. १९८६ ला ड्रॅगन क्वेस्ट आणि १९८७ ला फायनल फँटसी यांनी ते जपानमध्ये टीव्हीला जोडायच्या गेमवर घराघरात नेलं. हे सगळं आता जुनाट झालं असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं, आणि मग २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ येतो, २०२५ मध्ये क्लेअर ऑब्स्क्यूर येतो, आणि तेच लोक रात्रभर जागून ते खेळतात.

मराठीत याला एकदम चपखल शब्द आहे, डाव. पाळी म्हणजे पण डाव, पूर्ण खेळ म्हणजे पण डाव, आणि कुस्तीत ढाक नाहीतर घिस्सा मारतात तोही डावच. माझा डाव आला, मी डाव टाकला, डाव फसला. एवढं एका शब्दात बसतं, आणि मजा नेमकी या तिन्हीच्या मधल्या जागेत आहे, म्हणजे मी ठरवलं तिथपासून निकाल लागला तिथपर्यंत.

त्या जागेत मेंदूत काय होतं, तर वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञाची माकडं आठवा. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामीन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चालतात. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला लागले. थोड्या दिवसांनी पेशी त्या खुणेलाच चालायला लागल्या, रस आल्यावर काहीच नाही. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही तर रस यायच्या वेळेला त्या नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. १९९७ मध्ये शुल्त्झ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं. डोपामीन म्हणजे सुखाचं रसायन असं व्हॉट्सॲपवर फिरतं, खरं या पेशी सुख मोजत नाहीत, त्या अपेक्षा आणि मिळालेलं यातला फरक मोजतात.

आता भाच्याचा ९५ वाला वार घ्या. लागला तर अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं फक्त ५, जवळपास शून्य. चुकला तर खड्डा ९५ चा. उलट ३० टक्क्यांचा वार लागला तर ७० चा उडी मारून आनंद, आणि चुकला तर, जाऊ दे, तसाही ३० च होता. हे मी फार सोपं करून सांगतोय, मेंदू काय कॅल्क्युलेटर नाही, पण दिशा हीच. म्हणून पक्का वाटणारा वार आपल्याला कधीच नीट आनंद देत नाही, तो फक्त दुखवू शकतो. त्यात डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलेलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं असतं. म्हणजे खड्डा आधीच खोल, त्यात वरून पाऊस.

गेमवाल्यांना हे कळायला वेळ लागला. सिव्हिलायझेशन नावाचा गेम बनवणाऱ्या सिड मायरनं २०१० मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत भाषण केलं त्यात किस्सा आहे. लढाईच्या आधी ताकद ३ ला १ अशी दिसायची, म्हणजे चारात एकदा हरायचंच, पण खेळणारे हरले की तक्रार करायचे, ३ म्हणजे केवढं मोठं आहे, हरलो कसा? आणि आपण १, समोरचा ३ असताना जिंकले की मात्र गप्प, ते आपल्या हुशारीचं. शेवटी त्यांनी गेममधलं गणितच माणसाच्या डोक्याप्रमाणे वाकवलं.

फायर एम्ब्लेम नावाच्या गेमनं तर त्याच्याही पुढं जाऊन गंमत केलीय. २००२ च्या भागात वार लागतो का बघायला ० ते ९९ मधला एक आकडा काढायच्या ऐवजी दोन काढून त्यांची सरासरी घ्यायला सुरुवात केली. सरासरी ९० च्या वर जायला दोन्ही आकडे मोठे पडावे लागतात, आणि ते क्वचित होतं, त्यामुळं स्क्रीनवर ९० दिसतंय तिथं खरी शक्यता ९८ च्या आसपास जाते, ७५ दिसतंय तिथं ८७-८८, आणि शत्रूचा १० टक्के दिसणारा वार खरा २ टक्केच. आकडा सरळसरळ खोटा. आणि खेळणाऱ्यांना तोच जास्त खरा वाटतो! बाल्डर्स गेट ३ मध्ये पण लागोपाठ वाईट फासे पडू नयेत अशी सोय आहे, तिचं नाव कर्मावरून ठेवलंय, हे वाचून मला हसू आलं.

उलट पहिल्या पोकेमॉनमध्ये, १९९६ च्या, खोटेपणा दुसऱ्या बाजूनं होता. तिथं १०० टक्के लिहिलेला वार पण २५६ मधनं एकदा चुकायचा. कारण ० ते २५५ मधला आकडा काढायचे आणि तो २५५ पेक्षा लहान असला तरच वार लागायचा, आता नेमका २५५ च पडला तर? गेला. एका बरोबरीच्या चिन्हाची चूक. हे भाच्याला सांगितलं तर म्हणे, "बघ, मी म्हणालतो की!" मी म्हटलं तुझा गेम नंतरचा आहे, त्यात ते दुरुस्त केलंय, पण तोपर्यंत त्यानं ऐकणं बंद केलेलं.

आता माझा मुद्दा. नशीब आहे की नाही हा प्रश्नच नाही, नशीब कधी येतं हा प्रश्न आहे. ताईच्या सासूबाई, म्हणजे भाच्याची आजी, दुपारी शेजारच्या बायकांबरोबर चौका-बारा खेळतात. शहाबादी फरशीवर खडूनं पाच बाय पाचची घरं आखलेली, मध्ये फुली, आणि चार कवड्या. एक उताणी पडली की एक, दोन की दोन, चारही उताण्या म्हणजे चार, चारही पालथ्या म्हणजे आठ. कवड्या अगदी समान पडतात असं धरलं तर सोळा प्रकारांत सहा वेळा दोन येतात, चार आणि आठ फक्त एकेकदा. त्या खेळात आरडाओरडा भरपूर, एकमेकींची सोंगटी मारल्यावर तर बघायला नको, पण कवड्यांनी फसवलं असं कोण म्हणत नाही. कारण तिथं आधी कवड्या पडतात आणि नंतर तुम्ही ठरवता कुठली सोंगटी हलवायची. मेंढीकोटमध्येही पत्ते आधी वाटले जातात, डोकं नंतर चालतं. नशीब आधी आलं तर ती परिस्थिती होते, तिच्यातनं वाट काढायची, आणि वाट काढली की श्रेय आपलं. पोकेमॉनमध्ये मी आधी ठरवतो आणि मग नशीब माझ्या ठरवण्यावर पाणी टाकतं.

अलीकडचे काही गेम हे ओळखून चाललेत. स्ले द स्पायरमध्ये शत्रू पुढं काय करणार, किती मारणार हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसतं, आणि तुमच्या हातात पत्ते आलेले असतात, आता बसा विचार करत. २००१ च्या फायनल फँटसी १० मध्ये पुढच्या पाळ्यांची यादी कडेला दिसायची आणि तुम्ही कुठला वार निवडताय त्याप्रमाणे ती वरखाली व्हायची. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा वार करायचा सोडून नुसता मेनू वरखाली करत बसलेलो.

आणि विचाराला वेळ मिळणं हे काय लहान नाही. माणसाच्या डोक्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी खेळत राहू शकतात असं नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञानं २००१ मध्ये मांडलं. पळापळीच्या गेममध्ये त्या चारातल्या काही बोटांनाच लागतात. पाळीच्या गेममध्ये चारही डावाला मिळतात. सवयीनं त्या चारात मावणारा मालही वाढतो, विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये बुद्धिबळावर दाखवलं की पाच सेकंद पट दाखवला तर उस्तादाला खऱ्या डावातल्या बहुतेक सोंगट्या आठवतात, पण कशाही मांडल्या तर तो नवख्याइतकाच ढ. त्याला सोंगट्या सुट्या दिसत नाहीत, झुबके दिसतात. पोकेमॉनचे आता १८ प्रकार, म्हणजे कोण कोणावर भारी याच्या ३२४ जोड्या, भाच्याला त्या बहुतेक पाठ आहेत. तेराचा पाढा विचारू नका.

या झुबक्यांपैकी एक मात्र गणितानं करून बघण्यासारखा आहे. समजा समोर तीन शत्रू, प्रत्येकाचा जीव २०, प्रत्येक जण पाळीला ५ मारतो, तुम्ही एका वेळी एकालाच १० मारता. तुम्ही पहिले. तिघांना थोडं थोडं मारत गेलात, तर सहा पाळ्यांत सगळे मरतात आणि तुम्हाला ६० चा मार बसतो. तेच एकाला संपवून मग दुसऱ्याकडं गेलात, तरी पाळ्या सहाच, मारही तुम्ही तेवढाच दिला, पण तुम्हाला बसला ४५ चा. तुमचा जीव ५० असेल तर पहिल्या पद्धतीत मेलात, दुसऱ्या पद्धतीत जिंकलात. कारण अर्धमेला शत्रू पूर्ण जोरानं मारतो, जखमी झाला म्हणून त्याचा हात हलका होत नाही. १९१६ मध्ये लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं खऱ्या युद्धाबद्दल याच्या जवळपासचंच सूत्र मांडलेलं. हे कुणी न शिकवता एखाद्या पोराला स्वतः कळतं ना, त्या क्षणी जे वाटतं, ते मोठमोठ्या ग्राफिक्सनं मिळत नाही. आवाज, स्क्रीन हलणं, लाल आकडा उडणं, हे सगळं पाहिजेच, पण मीठ म्हणून. क्लेअर ऑब्स्क्यूरमध्ये शत्रूचा वार नेमक्या वेळेला बटण दाबून अडवायचा असतो, लोकांना लई आवडलं, माझी बोटं आता तेवढी चालत नाहीत, त्यामुळं मी गप्प बसतो.

आपल्याकडं ही गोष्ट जुनी आहे. महाभारतात नळ फाशांत राज्य हरतो, मग ऋतुपर्णाचा सारथी म्हणून राहतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडं बघून पानं आणि फळं किती ते सांगतो, नळ रथ थांबवून मोजतो तर बरोबर! मला मोजणी आणि फाशांचं मर्म दोन्ही येतं, असं ऋतुपर्ण सांगतो आणि नळाला शिकवतो, आणि नळ परत जाऊन राज्य जिंकतो. बेहडाच का, तर जुन्या काळी त्याच्याच बियांनी जुगार खेळायचे. म्हणजे फाशाला शिव्या घालायच्या ऐवजी मोजायला शिक, हे कुणीतरी तेव्हाच लिहून ठेवलंय.

लाईट परत गेली, मोबाईलची बॅटरी संपली, तेव्हा भाचा नाइलाजानं आजीसमोर फरशीवर बसला. तीन डाव हरला. त्या चार कवड्यांतली एक कडेला फुटकी आहे आणि ती जास्त करून पालथीच पडते, आजीला हे वर्षानुवर्षं माहीत आहे, मला त्या दिवशी कळलं, आणि भाच्याला आम्ही दोघांनीही अजून सांगितलेलं नाही.