वावर कोणाचं, नोंद कोणाची: फार्मर आयडीची पार्श्वभूमी

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. आमच्या यवतमाळ भागात त्याला या नावानं कोणी ओळखत नाही. 'फार्मर आयडी' म्हणतात, नाहीतर सरळ 'ॲग्रिस्टॅकचं कार्ड काढलं का?' असं विचारतात. ॲग्रिस्टॅक म्हणजे शेतकरी, जमीन आणि पीक यांच्या नोंदी जोडणारी सरकारी डिजिटल व्यवस्था. हातात येतो तो फक्त एक क्रमांक. ठिबकचं अनुदान, पीक विमा, अतिवृष्टीची भरपाई आता त्या क्रमांकावर चालते, आणि पुढे बँकेचं पीककर्जही त्यावरूनच द्यायचं अशी आखणी आहे. एकदा पाया घालायचा आणि बँक, विमा कंपनी, खरेदी केंद्र, बियाण्याची कंपनी यांनी त्यावर आपापला मजला चढवायचा, अशी ही रचना. मजले चढायला सुरुवात झाली आहे. म्हणून पायात काय भरलं, हे आता तपासायला हवं.

अशी सामाईक व्यवस्था वऱ्हाडाला नवी नाही. १८८६ मध्ये कारंजाचा कापूस बाजार नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांची सुरुवात तिथूनच मोजतात. विलायतेच्या गिरण्यांना कापूस नीट मिळावा हा त्यामागचा हेतू होता, पण व्यापारी, अडते, दलाल सगळे त्या एका चौकटीत आले. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारी यंत्रणेनंच घ्यायची पद्धत, सुरू झाली आणि जवळजवळ तीन दशकं अख्खा हंगाम त्या एका व्यवस्थेभोवती फिरला. १८९७ च्या कायद्याचं लक्ष काट्यावर आणि अडत्यावर होतं. बैलगाडी घेऊन आलेल्या माणसाचं वावर, म्हणजे शेत, त्याच्याच नावावर आहे का, हा प्रश्न बाजाराला पडलेला नव्हता.

तो प्रश्न संगणकाबरोबर आला. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८० च्या दशकाच्या अखेरीची. आपल्याकडे हाताचे सातबारे टाइप होऊन तपासले गेले, तपासून पुन्हा दुरुस्त झाले. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झालं, म्हणजे चुका कळाव्यात म्हणून नोंदी गावासमोर वाचल्या गेल्या, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. चावडी वाचनाला आमच्या गावात पंधरा-वीस माणसं होती. लग्नसराई आणि नांगरटीचे दिवस, ऊन मरणाचं. ज्यांच्या नोंदीत चूक होती त्यांतले बरेच जण तिथे नव्हतेच. त्या चुका जशाच्या तशा डिजिटल सहीखाली गेल्या. आज त्या निघतात तेव्हा '१५५ चा अर्ज' करावा लागतो, म्हणजे महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनाची चूक दुरुस्त करून मागायची. तहसीलला किती फेऱ्या होतात, ते ज्यानं हा अर्ज केला त्याला विचारा.

ॲग्रिस्टॅक उभा आहे तो या सातबाऱ्यावर. केंद्रानं २ सप्टेंबर २०२४ ला डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. त्यात तीन वह्या एकमेकींना जोडायच्या आहेत: शेतकऱ्यांची, गावनकाशांची आणि पेरलेल्या पिकाची. पिकाच्या वहीची तयारी राज्यानं १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवर फोटो काढून पिकाची नोंद करणं, सुरू करून आधीच केली होती. शेतकऱ्यांची नोंदणी बीड जिल्ह्यात प्रायोगिक झाली आणि तिथून सगळीकडे आली. नोंदणीत आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळवतात. इथे विदर्भाचा जुना कागद आडवा येतो. आमच्याकडच्या नोंदींत 'वल्द' (अमक्याचा मुलगा), 'जौजे' (अमक्याची बायको), 'बेवा' (विधवा) असे शब्द अजून सापडतात. आधारवर बाई 'सुमन' असते आणि सातबाऱ्यावर 'सुमनाबाई बेवा' अमुक. आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. माणूस एकच असल्याचं अख्खं गाव सांगेल. यंत्राला गावाची साक्ष चालत नाही.

नावाची गुंतागुंत अर्ज करून सुटते. खरी गाठ 'शेतकरी' या शब्दाची आहे.

विदर्भात शेतकऱ्याला 'कास्तकार' म्हणतात. फारसीत काश्त म्हणजे नांगरणं-पेरणं. ते करतो तो कास्तकार. दहा एकरांचा मालक कास्तकार, मक्त्यानं, म्हणजे दुसऱ्याचं वावर भाड्यानं घेऊन, पाच एकर करणाराही कास्तकार. बोलताना कोणी फरक करत नाही. सरकारी दप्तरात मात्र कास्तकार नाही. तिथे 'खातेदार' आहे, म्हणजे ज्याच्या नावावर जमिनीचं खातं तो, 'भोगवटादार' आहे, 'कूळ' आहे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि आता आयडीमुळे 'शेतकरी' हा शब्द खातेदाराच्या जागी येऊन बसला आहे.

'भोगवटादार' हा शब्द ऐकला की वाटतं, जमीन ज्याच्या हातात आहे, जो ती भोगतो, तो. १९६६ च्या महसूल संहितेतली व्याख्याही प्रत्यक्ष कब्ज्यापासूनच सुरू होते. पण तिथेच पुढे कुळाला वगळलं आहे, आणि जमीन कुळाच्या ताब्यात असेल तर मालकालाच भोगवटादार मानायचं असं म्हटलं आहे. म्हणजे कसणारा कोण हे कायद्याला दिसत होतं, पण नाव मालकाचं लावायचं ठरलं. त्या काळी याला कारण होतं. सारा कोणाकडून वसूल करायचा हे सरकारला पक्कं हवं होतं. सारा भरणारा आणि नांगर धरणारा वेगळे असले तरी महसुलाचं काम अडत नव्हतं.

मग कसणाऱ्याची नोंद कुठेच नव्हती का? होती. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यात खालच्या बाजूला, बाराच्या तक्त्यात, 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा रकाना असायचा. बहुतेक तलाठी तिथे मालकाचंच नाव किंवा 'खुद्द' लिहीत, हे खरं. तरी रकाना होता आणि त्यात दुसरं नाव येऊ शकत होतं. संगणकाच्या तक्त्यात आता हंगामाशेजारी खाते क्रमांकाचा रकाना आहे. पीक खात्याला जोडलं गेलं, आणि खातं मालकाचं. पुढच्या सगळ्या प्रकरणात मला हा बदल सर्वात मोठा वाटतो, आणि त्यावर गावात कुठे चर्चा झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

रकाना मोकळा का राहायचा, त्यामागे १९५८ चा कायदा आहे. विदर्भासाठी वेगळा कूळकायदा झाला आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क सांगता येऊ लागला. कायदा गरिबाच्या बाजूचा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यानंतर जमीनवाल्यांनी एक धास्ती घेतली ती आजवर गेली नाही: 'कूळ लागंल.' म्हणून मक्ता तोंडी. पाडव्याला बसून ठरतो, रोख रक्कम आधी किंवा निम्मी आधी, वर्षभराचा बोल. कागद करायचा विषयच निघत नाही. दरवर्षी वावर बदललेलं बरं, असंही मालकांना वाटतं. बटईनं केलं तर माल अर्धा-अर्धा, ठोक्यानं केलं तर ठरलेली रक्कम. सगळं शब्दावर. कसणाऱ्याला हक्क देणाऱ्या कायद्याच्या धाकानं कसणाऱ्याचं नावच कागदावरून गेलं. आज आयडीच्या वेळी 'भाडेपट्ट्याची नोंद करून आणा' असं सांगणाऱ्यांना हा इतिहास माहीत असता, तर त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं नसतं.

दुसरी बाजूही मांडायला हवी. २०१७ च्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाइन भरायचे होते, अंगठा देऊन. सेवा केंद्रावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रांगा होत्या. साइट रात्रीच चालायची म्हणून लोक चटया घेऊन यायचे. एवढं करूनही याद्यांत घोळ निघाले. २०१९ च्या अखेरीला दुसरी कर्जमाफी आली तेव्हा अर्ज काढून टाकले, बँकेच्या यादीवर आधार पडताळणी घेतली आणि काम पुष्कळ सुरळीत झालं. पीक विम्यात पेरणीच न झालेल्या आणि सरकारी जमिनींवर विमे काढल्याची प्रकरणं उघडी पडली. अशा वेळी प्रशासनाला एक भक्कम यादी हवी होती, आणि गावागावात तयार असलेली यादी सातबाऱ्याचीच होती. वेळ कमी, काम मोठं. जी वही हाताशी होती तीच उघडली.

तरीही तो निर्णय होता, आणि दुसरा निर्णय शक्य होता. पैनगंगेच्या पलीकडे २०११ मध्येच, आंध्र एकत्र असताना, भाड्यानं कसणाऱ्यांना वर्षाचं कार्ड देण्याचा कायदा झाला. त्यात मालकाच्या हक्काला धक्का लागत नाही असं स्पष्ट होतं. २०१९ मध्ये आंध्रनं अकरा महिन्यांच्या करारावर पीक घेणाऱ्याला कार्ड देणारा नवा कायदा केला. त्याला मालकाची सही लागते, म्हणून फार जणांना तो लाभला नाही. दिल्लीच्या धोरणकर्त्यांनी २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा आदर्श कायदाही लिहून राज्यांपुढे ठेवला होता. रस्ते अर्धवट होते, पण आखलेले होते. आपल्याकडे आयडी आखताना त्यांतला एकही धरला गेला नाही.

पूर्वीचे धागेही याच दिशेनं जाणारे. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला १ लाखाच्या मदतीचे निकष २००६ चे आहेत. कुटुंबाच्या नावावर जमीन आणि त्यावर कर्ज असलं तर प्रकरण 'पात्र'. मक्त्यानं कसणारा गेला तर कित्येकदा फाइलवर 'अपात्र' पडतं. २०१९ ची पीएम किसान योजनाही जमीनधारक कुटुंबासाठीच. गडचिरोली आणि मेळघाटात वनहक्काचा पट्टा आहे पण सातबारा नाही, तो प्रश्नही याच घरातला. प्रत्येक योजनेनं आधीच्या योजनेची व्याख्या उचलली. ॲग्रिस्टॅकनं ती क्रमांकात बसवली. आता कोणतीही कंपनी किंवा बँक 'शेतकरी कोण' हे स्वतः ठरवणार नाही, क्रमांक विचारेल.

खासगी कंपन्यांचा भाग थोडक्यात सांगतो. २०२१ मध्ये केंद्रानं बड्या तंत्रज्ञान कंपन्यांशी करार केले. त्यातल्या एका परदेशी कंपनीबरोबर ६ राज्यांतल्या १०० गावांत प्रयोग करायचा होता. शेतकरी आणि डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी त्याला हरकत घेतली, कारण तेव्हा देशात माहितीच्या संरक्षणाचा कायदा नव्हता. तो ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. आता माहिती शेतकऱ्याच्या संमतीनं द्यायची असं आहे. संमती ज्याची घ्यायची तो पुन्हा खातेदारच.

माझं सेवा केंद्र आहे. गेल्या हंगामात एक मावशी आयडी काढायला आल्या. हातात पिशवी, पिशवीत सासऱ्याच्या नावाचा सातबारा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, स्वतःचं आधार. सासरे जाऊन वीस वर्षं झालेली. बोटांची टोकं कापसाच्या बोंडांनी चिरलेली, अंगठा तीनदा लावला तेव्हा घेतला. यादीत नाव आलं नाही. त्या म्हणाल्या, "वावर त मीच करतो ना भाऊ. सासरा वरून येऊन पेरते का? मंग माहं नाव काऊन नाही येत?" त्यांना वारस फेरफारचा रस्ता सांगितला. नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, आणि मध्ये दिराची हरकत आली नाही तर नाव चढेल. या मावशींना निदान रस्ता आहे.

त्यांच्यामागे रांगेत उभा असलेला तरुण सात एकर मक्त्यानं करतो. कृषी केंद्रावर खत घेताना मशीनवर अंगठा त्याचा लागतो, २०१८ पासून खताची विक्री तशीच होते. म्हणजे खत कोणी नेलं हे एका यंत्रणेला ठाऊक आहे. ई-पीक पाहणीला फोटो त्यानंच काढला, पण नोंद मालकाच्या खात्यावर, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर. मालक अमरावतीला राहतात. २०२५ च्या हंगामात हमीभावानं कापूस द्यायला ॲपवर नोंदणी आली, त्यात कापसाची नोंद असलेला सातबारा हवा. ती नोंदणीही मालकाच्या नावानं.

यूपीआयशी याची तुलना मनात येते. एप्रिल २०१६ मध्ये तो आला, नोटाबंदीनं त्याला ढकललं आणि मग पानठेल्यापासून बैलबाजारापर्यंत तो पसरला. त्यानं बँक खातं आणि मोबाइल एवढंच मागितलं. तू मालक की मक्तेदार, हे विचारलं नाही.

डिसेंबरात त्या तरुणाचा कापूस गेला. काट्याची पावती मालकाच्या नावाची, पैसेही मालकाच्या आधारला जोडलेल्या खात्यात. चार दिवस तो रोज केंद्रावर येऊन 'आले असतील का?' विचारत होता. मालक सज्जन आहेत. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन वाजला आणि त्यांनी यूपीआयनं पाठवलेली पूर्ण रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली. मेसेजमध्ये कापसाचा उल्लेख नव्हता, हमीभावाचा नव्हता, फक्त रक्कम आणि मालकाचं नाव.