शहर बिघडवतं, पण गाव सोडायला कोण लावतं?

जुने चित्रपट बघून एक समज पक्का झाला आहे: गावचा माणूस भोळा, शहर लबाड. खानदेशात तर तो पटायला वेळच लागत नाही. भुसावळहून गाडी धरून मुंबईला गेलेलं कुणीतरी आपल्या ओळखीत असतंच. पण हेच चित्रपट ओळीने पाहा. शहरात माणूस बिघडतो खरा, पण त्याची सुरुवात बऱ्याचदा गावातल्या कर्जाच्या कागदावर झालेली असते.

बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५चा मूकपट. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. तो शेतकरी व्ही. शांतारामांनी रंगवला होता. मुंबईच्या गिरण्यांना कापूस पुरवणाऱ्या आपल्या मुलखाला ही गोष्ट परकी नव्हती; गठाणी गेल्या, त्याच रुळांवरून माणसंही गेली.

‘दो बिघा जमीन’मध्ये (१९५३) शेतकरी शंभूला जमीनदाराचे २३५ रुपये फेडायला तीन महिन्यांची मुदत मिळते. तो कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो, पोरगा चोरीला लागतो. चोरी शहराने शिकवली असेल, घाई मात्र जमीनदाराची. ‘श्री ४२०’चा (१९५५) राज तर मुंबईत येताच इमानदारीचं पदक गहाण टाकतो. म्हणजे इथेही गहाणवटच!

‘प्यासा’ (१९५७) या साच्यात बसत नाही, म्हणून मला तो सर्वांत कडू वाटतो. कवी विजयची ना जमीन, ना सावकार. त्याच्या कविता सख्खे भाऊच रद्दीत विकतात.

पुढे गरिबी सजवून दाखवायचं नाकारणारे दिग्दर्शक आले, आणि त्यांच्या दोन चित्रपटांत शिरपूरच्या राजकारणी शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता दिसली. ‘गमन’मध्ये (१९७८) स्मिता पाटील उत्तर प्रदेशातल्या गावात नवऱ्याची वाट बघते, तो मुंबईत टॅक्सी चालवतो आणि त्याला परत जाणं काही परवडत नाही. जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’मध्ये (१९८१) ती झोपडपट्टीतली अम्मा आहे. अब्रूवर उठलेल्या सावकाराचा नवऱ्याने खून केला, म्हणून हे जोडपं मुंबईत पळून आलेलं. या भूमिकेसाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाहिरात करणाऱ्यांनी मात्र पोस्टरवर तिचं उघड्यावर आंघोळ करतानाचं दृश्य लावलं, आणि तिने त्याबद्दलची नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली.