राष्ट्रीय संकट आणि धनिकांचे अर्थसाहाय्य

युद्ध, दुष्काळ, महामारी किंवा आर्थिक अरिष्ट ओढवले असता अतिश्रीमंत व्यक्तींनी देणगी, कर्ज किंवा जादा कराच्या रूपाने, अथवा बाजारातील आपली पत वापरून, सरकारला दिलेल्या आधाराचा विचार या नोंदीत केला आहे. धनिकांनी अशा वेळी हात द्यावा, याबद्दल फारसा मतभेद आढळत नाही. वाद असतो तो हे साहाय्य कोणत्या मार्गाने घ्यावे, त्याच्या बदल्यात देणाऱ्याच्या पदरात काय पडावे आणि जमलेल्या पैशाचा हिशेब कोणी तपासावा, यांविषयी.

प्राचीन अथेन्सने हा प्रश्न धनिकांच्या मर्जीवर सोडला नव्हता. इ. स. पू. पाचव्या व चौथ्या शतकांत ट्रायरीम ही युद्धनौका वर्षभर सज्ज ठेवण्याचा भार एकेका श्रीमंत नागरिकावर टाकला जाई आणि बहुधा त्या नौकेचे नेतृत्वही त्याच्याकडेच असे. हा भार आपल्यावर अन्यायाने पडला असे ज्याला वाटे, त्याला आपल्याहून अधिक श्रीमंत नागरिकाचे नाव पुढे करता येई. मग त्या दुसऱ्याने एक तर नौकेचा खर्च उचलायचा, नाही तर दोघांच्या मालमत्तेची अदलाबदल मान्य करायची. अँटिडोसिस नावाच्या या तरतुदीमुळे दडवलेली संपत्ती उघडकीस आणण्याचे काम धनिकांच्याच आपसांतील चढाओढीतून होत असे. नौका सुसज्ज ठेवणाऱ्याला मानही मिळे. सक्ती आणि प्रतिष्ठा यांची अशी सांगड पुढे क्वचितच जमली.

मध्ययुगीन व्हेनिसने सधन नागरिकांकडून त्यांच्या संपत्तीच्या प्रमाणात सक्तीचे कर्ज घेतले आणि त्यावर व्याज दिले. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने मात्र १६२६-२७ मध्ये संसदेला डावलून असेच कर्ज उकळले व नकार देणाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्यातून उठलेल्या असंतोषाची परिणती १६२८ च्या हक्कांच्या अर्जात झाली आणि संसदेच्या संमतीवाचून कर किंवा कर्ज घेऊ नये, हे तत्त्व त्यात नोंदले गेले. मराठी राज्यातही मोहिमांचा खर्च सावकारी कर्जावर चाले. पहिल्या बाजीरावाने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाने गांजल्याची तक्रार आहे आणि हे स्वामी स्वतःच त्याच्या धनकोंपैकी एक होते.

स्वेच्छेने दिलेल्या साहाय्याची मर्यादा दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधील आहे. युद्ध संपले तेव्हा त्या देशाचे राष्ट्रीय कर्ज सात अब्ज पौंडांच्या पुढे गेले होते. २४ जून १९१९ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकात ‘एफ.एस.टी.’ अशा आद्याक्षरांनी एक पत्र प्रसिद्ध झाले. आपली मालमत्ता सुमारे ५ लाख ८० हजार पौंडांची असून तिचा पाचवा हिस्सा आपण देशाला देत आहोत, त्यासाठी दीड लाख पौंड दर्शनी किमतीचे युद्धकर्जरोखे विकत घेऊन ते रद्द करण्यासाठी सरकारच्या स्वाधीन करणार आहोत आणि इतर धनिकांनीही आपणहून असाच कर स्वतःवर लादून घ्यावा, असे लेखकाने त्यात कळवले होते. हा लेखक म्हणजे लोखंड-उद्योगात घराण्याची मोठी मालमत्ता असलेला, कोषागाराचा तत्कालीन वित्तीय सचिव आणि पुढे तीन वेळा पंतप्रधान झालेला स्टॅन्ली बाल्डविन होता. त्याच्या पदाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे सहीच्या जागी होती. बाल्डविनच्या दातृत्वाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. रोखे रद्द करून घेण्याची त्याची रीतही विशेष विचारपूर्वक निवडलेली होती, कारण तीत सरकारचे देणे तेवढ्याने कमी होत होते आणि देणाऱ्याला कोणताही लाभ मागता येत नव्हता. तरीही त्याचे अनुकरण मोजक्यांनीच केले आणि कर्जाच्या डोंगरापुढे त्याचा परिणाम नगण्य ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने नेमका उलटा मार्ग धरला. १९५२ च्या कायद्याने, ज्यांची मालमत्ता युद्धातून बचावली होती त्यांच्यावर तिच्या १९४८ च्या मूल्याच्या निम्म्याइतका भार बसवला. तो तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडायचा होता आणि त्यातून निर्वासितांना व बॉम्बहल्ल्यांत घरे गमावलेल्यांना भरपाई मिळाली. उद्योग न मोडता मोठी रक्कम उभी राहिली, ती हप्ते लांबवल्यामुळे.

एखादा धनिक सरकारपेक्षा समर्थ ठरला म्हणजे काय होते, हे अमेरिकेत १९०७ मध्ये दिसले. त्या वेळी तेथे मध्यवर्ती बँक नव्हती. २२ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमधील निकरबॉकर ट्रस्ट कंपनी या बँकेसारख्या ठेवी घेणाऱ्या संस्थेने पैसे देणे थांबवले आणि ठेवीदारांची इतर संस्थांकडेही रीघ लागली. सरकारने अडीच कोटी डॉलर बँकांत ठेवले. पण ते कोणाला द्यावेत आणि कोणाला बुडू द्यावे, हे ठरवण्याचा अधिकार व्यवहारात जे. पी. मॉर्गन या बँकमालकाकडे गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने ट्रस्ट कंपन्यांच्या अध्यक्षांना आपल्या खासगी ग्रंथालयात जमवून दाराला कुलूप लावले आणि पहाटे अडीच कोटी डॉलरच्या कर्जपत्रावर त्यांच्या सह्या झाल्यावरच ते उघडले. अरिष्ट टळले. मात्र त्याच दिवसांत मॉर्गननेच उभारलेल्या यू. एस. स्टील कंपनीने टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड ही प्रतिस्पर्धी पोलाद कंपनी विकत घेतली व राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यास हरकत घेतली नाही. देशाची पत एका माणसाच्या हाती राहू नये, ही जाणीव बळावून १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक स्थापन झाली.

भारतात १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला आणि सामान्य घरांतील स्त्रियांनीही अंगावरचे दागिने दिले. १९६५ च्या युद्धाच्या संदर्भात हैदराबादचे माजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी ५,००० किलो सोने दान केल्याची कथा आजही, विशेषतः निजामी अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्यात, सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांनी ४.२५ लाख ग्रॅम, म्हणजे ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत गुंतवले होते. ते कर्ज होते, दान नव्हे. परकीय चलनाच्या टंचाईत असे कर्जही देशाच्या उपयोगाचे असते, म्हणून त्याचे मोल कमी लेखू नये; परंतु देणगी आणि गुंतवणूक यांतील भेद पुसला गेला की कृतज्ञतेचे मापच बिघडते.

कोविड महामारीत मार्च २०२० च्या अखेरीस टाटा ट्रस्ट्सने ५०० कोटी आणि टाटा सन्सने १,००० कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. पाठोपाठ विप्रोच्या दोन कंपन्या व अझीम प्रेमजी फाउंडेशन यांनी मिळून १,१२५ कोटींचा संकल्प केला. यांतील मोठा भाग संस्थांनी स्वतः राबवायच्या कामांसाठी होता. याच सुमारास स्थापन झालेल्या पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम कंपन्यांना कायद्याने कराव्या लागणाऱ्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चात धरता येत होती, तर मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेली धरता येत नव्हती; त्यामुळे महाराष्ट्रासारख्या सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्याला कंपन्यांकडून थेट निधी मिळवणे अवघड झाले. संघराज्यात हा भेद समर्थनीय ठरत नाही. पीएम केअर्सची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करत नाहीत, नेमलेले खासगी लेखापरीक्षक करतात, आणि हा निधी माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येत नाही अशी पंतप्रधान कार्यालयाची भूमिका आहे. अर्जेंटिनाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, २० कोटी पेसोंहून अधिक मालमत्ता असलेल्यांवर एकदाच घ्यावयाचा संपत्तिकर कायद्याने बसवला. भारतात संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पातच रद्द करून अतिश्रीमंतांच्या उत्पन्नावर अधिभार वाढवण्यात आला होता. एप्रिल २०२० मध्ये काही महसूल अधिकाऱ्यांनी एक कोटीहून अधिक उत्पन्नावर ४० टक्के कर सुचवला, तेव्हा असा अहवाल आपण मागवलाच नव्हता, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले.