जुनी वॅगन, कच्चा रस्ता आणि टायरमधली हवा

ईशान्य जपानमधल्या मियागी प्रांतातली गोष्ट आहे. बर्फाच्या दिवसांत डोंगरातल्या वीजवाहिन्यांपर्यंत पोचायला तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना जीपशिवाय पर्याय नव्हता, आणि त्या काळची जीप म्हणजे थंडी, धक्के आणि खडखडाट. कंपनीने स्थानिक सुबारू विक्रेत्याकडे मागणी केली: बर्फातून जाईल, पण वर्षभर आरामात वापरता येईल अशी गाडी द्या. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये ‘एफएफ-१ १३००जी’ ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली गेली आणि तिच्या मागच्या बाजूला निसान ब्लूबर्डचं डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटून देणारी गिअरपेटी) बसवलं गेलं. ही गाडी १९७१ च्या टोकियो मोटर शोमध्ये मांडली गेली आणि सप्टेंबर १९७२ मध्ये सुबारूची ‘लिओने इस्टेट व्हॅन फोर-डब्ल्यूडी’, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, बाजारात आली.

रोजच्या वॅगनमध्ये (मागे सामानाची जागा असलेल्या लांब मोटारीत) फेरफार करून ती कच्च्या रस्त्यावर नेण्याची हौस आज अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जोरात आहे. तिचं मूळ असं एका वर्कशॉपमधल्या गरजेत आहे. त्या कारागिरांचं काम सोपं झालं ते मूळ रचनेमुळे. सुबारूचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या बरोबर मागे. त्यामुळे गिअरबॉक्सच्या शेपटाकडून एक शाफ्ट सरळ मागच्या चाकांकडे नेता येतो.

या लेखासाठी मी त्याच वंशातली एक गाडी समोर ठेवतो: २००० ते २००४ या काळात अमेरिकेत विकली गेलेली दुसऱ्या पिढीची सुबारू आउटबॅक. वीस वर्षांची होऊनही ती अजून पोरांना शाळेत सोडते, ऑफिसला नेते आणि सुट्टीच्या दिवशी कोलोरॅडो-युटाच्या जंगलवाटांवर जाते. तिचं ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, सुमारे १८५ मिलिमीटर आणि दोन आसांमधलं अंतर २,६४९ मिलिमीटर. हे दोन आकडे पुढे लागतील.

‘हलकं ऑफ-रोड’ म्हणजे काय, हे आधी ठरवलेलं बरं. अमेरिकेच्या वनसेवेने आपल्या रस्त्यांना देखभालीच्या १ ते ५ पातळ्या दिल्या आहेत. पातळी १ म्हणजे वाहनांना बंद रस्ता. पातळी २ उंच पोटाच्या वाहनांसाठी, आणि पातळी ३ पासून पुढे साधी मोटार सांभाळून नेता येते. वॅगनचं खरं क्षेत्र म्हणजे पातळी ३ चे सगळे रस्ते आणि पातळी २ मधले सोपे तुकडे. मोठाले खडक चढणं हे तिचं काम नाही आणि पैसे ओतून ते तिच्याकडून करून घेऊही नये.

नव्याने या नादाला लागलेला माणूस बहुतेक वेळा आधी गाडी उंच करायला धावतो. माझं मत याच्या अगदी उलट आहे: पहिला खर्च टायरवर, आणि टायरच्याही आधी त्यातल्या हवेचा विचार.

गाडी, माणसं आणि सामान मिळून १,८०० किलो वजन धरलं तर प्रत्येक चाकावर साधारण ४५० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय दाब असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो, तर ४५० किलो पेलायला टायरला जमिनीशी साधारण २०० चौरस सेंटिमीटर संपर्क लागतो. दाब २० पीएसआयवर आणला की तोच संपर्क ३२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो. टायरची बाजूची भिंतही थोडा भार उचलते, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे कमी भरतात, पण दिशा हीच. हा पट्टा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, आणि त्यामुळे चालण्याच्या दिशेने रबराच्या जास्त ठोकळ्यांना एकाच वेळी माती धरता येते.

वाळूत याचा परिणाम विलक्षण असतो. वाळू ठरावीक दाबापर्यंतच भार सोसते. तो ओलांडला की टायर रुततो, आणि रुतलेला टायर स्वतःच खणलेल्या खड्ड्याच्या पुढच्या काठावर सतत चढत राहतो. इंजिनाची सगळी ताकद या न संपणाऱ्या चढणीत जाते. हवा कमी केली की दाब वाळूच्या सोसण्याच्या आत येतो आणि तीच गाडी, त्याच इंजिनावर, वर तरंगल्यासारखी निघून जाते. खडबडीत, दगडी वाटेवर कारण वेगळं. तिथे नरम टायर टोकदार दगडावरून उडी मारत नाही, तो दगड पोटात घेतो. धक्का कमी बसतो, चाक जमिनीवर राहतं आणि कापला जाण्याची शक्यताही घटते.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. नरम टायरची भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते, आणि रबर वाकून परत सरळ होताना दिलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. उरलेली उष्णता होते. २० पीएसआयवर हायवेने १०० च्या वेगाने गेलात तर टायर आतून भाजून फुटू शकतो. म्हणून दाब कमी असताना वेग ४० च्या आत हवा, आणि गाडीत १२ व्होल्टवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर हवाच. साध्या रिमवर १५ पीएसआयच्या खाली जाऊ नये. वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो.

मात्र एक माती अशी आहे की तिच्यापुढे टायरची कुठलीच युक्ती चालत नाही, आणि ती महाराष्ट्राच्या वाचकाला चांगली ठाऊक आहे. युटामधल्या मोएब शहराच्या आसपास मॅनकॉस शेल नावाचा करडा खडक पसरलेला आहे. त्याच्या झिजेतून तयार होणाऱ्या चिकणमातीत पाणी शोषून फुगणारी खनिजं असतात. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीतलं मॉन्टमोरिलोनाइट याच कुळातलं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, पापुद्रे एकमेकांवरून घसरतात आणि माती निसरडीही होते, चिकटही. टायरच्या खाचा काही फेऱ्यांतच भरून जातात आणि महागडा ऑल-टेरेन टायर गुळगुळीत लगदा होऊन बसतो. ओले असताना हे रस्ते पार करता येत नाहीत, अशा पाट्याच तिथे लावलेल्या असतात. विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्यात बैलगाडीची वाट ज्याने पाहिली आहे, त्याला ही पाटी समजावून सांगावी लागणार नाही. उपाय एकच: रस्ता वाळेपर्यंत थांबायचं. ओल्या मातीत पाडलेल्या खोल चाकोऱ्या पुढच्या पावसात नाल्या होतात आणि रस्ताच वाहून जातो, हेही कारण आहेच.

आता टायरचा आकार. या गाडीचा मूळ टायर २२५/६०आर१६ (रुंदी २२५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ६० टक्के उंच, रिम १६ इंची), म्हणजे व्यास सुमारे ६७६ मिलिमीटर. त्याऐवजी १५ इंची रिमवर २१५/७५आर१५ बसवला तर व्यास साधारण ७०४ होतो. पोट वर उचललं जातं ते व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर. कमाई तेवढीच असती तर हा खटाटोप मी सुचवला नसता. खरा लाभ टायरच्या भिंतीत आहे: तिची उंची १३५ वरून १६१ मिलिमीटरवर जाते आणि दगड पोटात घ्यायला तेवढी जास्त हवा मिळते. तोटाही आहे. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ने जात असेल, पिकअप थोडा मंदावेल, पेट्रोल थोडं जास्त लागेल. १५ इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरवर बसते का, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकावरच्या प्लास्टिकला किंवा स्ट्रटवरच्या (चाकाजवळच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खांबावरच्या) स्प्रिंगच्या बैठकीला घासतो का, हे विकत घेण्याआधी तपासायचं.

चारही टायर एकदम बदलायचे, हा नियम या गाडीला फार कडक लागू आहे. चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको असं कंपनी सांगते. मॅन्युअल गिअरच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल असतं आणि त्यावर व्हिस्कस कपलिंग बसवलेलं असतं. त्यात दाट सिलिकॉन द्रव आणि पातळ चकत्या असतात. पुढचे-मागचे शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरू लागले की द्रव त्यांना ओढून बरोबर आणतो. एका आसाचे टायर लहान असतील तर ही ओढाताण सपाट हायवेवरही मिनिटभर थांबत नाही, आणि कपलिंग तापून कायमचं निकामी होतं. ऑटोमॅटिक गाडीत कपलिंगच्या जागी क्लचच्या चकत्या असतात. त्यांनाही हा त्रास होतोच.

चारही चाकं ओढतात म्हणजे गाडी अडकणारच नाही, हा मोठा गैरसमज आहे. साधं डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरवायला जवळपास काहीच टॉर्क लागत नाही, आणि म्हणून जमिनीवरच्या जोडीदारालाही जवळपास काहीच मिळत नाही. खाचखळग्यात तिरकी गेलेली वॅगन पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचलते, दोन्ही चाकं जोरात फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. नव्या गाड्यांमधली यंत्रणा फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावते. जुन्या गाडीत काही चालक हे काम पायाने करून पाहतात: हलका ॲक्सिलरेटर धरून ब्रेक किंचित दाबायचा. हवेतल्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळाला की तेवढाच टॉर्क जमिनीवरच्या चाकाकडेही जातो, पण तोच ब्रेक त्या चाकालाही धरतो, म्हणून याचा भरवसा धरू नये. क्षणभरच करायचं, कारण ब्रेक आणि गिअरबॉक्स दोन्ही तापतात.

गाडी उंच करण्याचा मुद्दा मी मुद्दाम एवढ्या उशिरा घेतला. स्ट्रटच्या वरच्या टोकाशी ५० मिलिमीटर जाडीचे ठोकळे बसवले की गाडीचं शरीर तेवढं वर येतं. उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकण्याआधी वाट किती अणकुचीदार असलेली चालते, याचा ढोबळ कोन मघाच्या दोन आकड्यांतून निघतो. मूळ गाडीत तो सुमारे १६ अंश, ५० मिलिमीटर उचलल्यावर २० अंश. फरक खराच आहे. पण ठोकळ्याने सस्पेन्शनची एकूण हालचाल वाढत नाही. चाक जितकं वर-खाली जात होतं तितकंच जातं, फक्त शरीरापासून लांब राहून.

शिवाय इंजिनाकडून चाकाकडे जाणारे एक्सल आता जास्त तिरके होतात. त्यांच्या टोकांचे सीव्ही जॉइंट तिरक्या कोनात फिरायलाच बनवलेले असतात, पण कोन वाढला की आतल्या गोळ्या-रोलर प्रत्येक फेरीत जास्त सरकतात, ग्रीस तापतं, आणि त्याला झाकणारा रबरी बूट कायम दुमडलेला राहून चिरतो. बूट फाटला, ग्रीस गेलं, वाळू आत आली की जॉइंट थोड्याच दिवसांचा सोबती. म्हणून चांगल्या लिफ्ट किटमध्ये इंजिनाखालची सबफ्रेमही (इंजिनाला खालून धरणारी चौकट) खाली आणायचे ठोकळे दिलेले असतात. ते नसलेलं स्वस्त किट घेऊ नये.

रोजच्या गाडीसाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो गुरुत्वमध्य. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था उलटण्याचा धोका मोजताना डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग गुरुत्वमध्याच्या उंचीने भागते. साध्या मोटारींचा भागाकार बहुधा १.३ ते १.५ येतो, उंच एसयूव्हींचा १ ते १.३. आपल्या वॅगनचा गुरुत्वमध्य ५६० मिलिमीटरवर आहे असं समजा. चाकांमधलं अंतर सुमारे १,४६५ धरलं तर भागाकार १.३१ येतो. ५० मिलिमीटर उचला, तो १.२० होतो. म्हणजे एका दुपारच्या कामात मोटार एसयूव्हीच्या गटात जाऊन बसते, पण चालकाचे हात अजून मोटारीच्याच सवयीचे असतात. हायवेवर अचानक हरीण आडवं आलं की हा फरक समोर येतो. टपावर तंबू आणि स्टेपनी चढवली तर आणखी. त्यामुळे २५ ते ५० मिलिमीटर ही माझ्या मते मर्यादा, आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन दोन्ही नीट करून घ्यायचे.

इंजिनाखाली ४-५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा लावणं मात्र निःसंशय फायद्याचं. त्यात ऑइल बदलायला भोक आणि हवेला वाट हवी. सुकलेलं गवत त्यावर अडकू द्यायचं नाही. शेजारचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग) गवत पेटवण्याइतका तापतो. ओढा ओलांडायचा असेल तर मागच्या डिफरन्शियलची श्वासनळी रबरी नळीने वर नेऊन ठेवावी. ८० अंश तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडून २० अंशांवर आलं की आतल्या हवेचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी घटतो आणि ते पाणी आत ओढतं. दुधाळ झालेलं तेल दिसेपर्यंत बेअरिंगांचं नुकसान होऊन गेलेलं असतं. आणि या सगळ्याआधी वीस वर्षांचं रबर: बुश, कूलंटचे पाइप, टायमिंग बेल्ट. बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि जंगलात तिथून मोबाइलला रेंजही नसते.

भारतातल्या वाचकांसाठी कायद्याची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. लिफ्ट किट इथे त्यात अडकू शकतं. टायरचा दाब मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. कच्चा रस्ता संपला, डांबर लागलं, की तिथेच थांबून हवा भरायची. तेव्हा टायर गरम असतात आणि दर ५-६ अंशांमागे दाब जवळपास १ पीएसआयने जास्त दिसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी जागची हलवण्याआधी, चारही टायर आणि स्टेपनी पुन्हा तपासून कमी असेल तेवढी हवा भरून घ्यायची.