शेजारी करतो म्हणून मीही: वेंगुर्ल्याचा कचरा आणि सहकार्याचं शास्त्र

किनाऱ्यावरच्या गावाला आपला कचरा फार काळ दृष्टीआड ठेवता येत नाही. ओहोळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात गेलेल्या पिशव्या, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे पावसाळी वाऱ्यांबरोबर वाळूवर परत येतात. जमिनीवरही तीच गत. कोकणातला जांभा दगड सच्छिद्र असतो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उघड्यावर साठवलेल्या ओल्या-सुक्या कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी अशा जमिनीतून विहिरींकडे उतरू शकतं. मुंबईसारख्या शहरात कचरा ‘कुठेतरी’ जातो. वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी ते ‘कुठेतरी’ कुणाच्या तरी परसाला लागून असतं.

२०११ च्या जनगणनेनुसार वेंगुर्ल्याची लोकसंख्या जेमतेम १२,३९२. सिंधुदुर्गातल्या या छोट्या नगरपरिषदेने २०१५ नंतर जे केलं त्याची दखल देशभर घेतली गेली. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने घरातच कचरा चार भागांत वेगळा करायला सुरुवात झाली. डेपोवर त्याचे आणखी वीसहून अधिक प्रकार होऊ लागले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत तयार झालं, प्लॅस्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं गेलं आणि जिथे नाक दाबून जावं लागे तो डेपो लोकांनी बघायला यावं असा झाला. यंत्रं कुठलीही नगरपरिषद विकत घेऊ शकते. मला जास्त मोलाची वाटते ती त्याआधीची पायरी. हजारो स्वयंपाकघरांत, कुणी बघत नसताना, माशाची खवलं एका डब्यात आणि दुधाची पिशवी दुसऱ्या डब्यात का गेली?

हिशेबी उत्तर असं की, जायला नको होती. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये ही अडचण नेमकी मांडली. स्वच्छ किनारा सगळ्यांचा असतो. मी घाम गाळला नाही तरी त्याची हवा मला मिळतेच. मग मी कशाला कष्ट घेऊ? प्रत्येकाने असा विचार केला तर काम होतच नाही, आणि गंमत म्हणजे कुणीही मूर्खपणा केलेला नसतो. ऑल्सन यांनी एक सूट मात्र ठेवली होती. गट लहान असेल तर प्रत्येकाचा वाटा डोळ्यांत भरतो आणि सहकार्य टिकायची शक्यता वाढते.

हे तपासण्यासाठी संशोधक एक साधा खेळ खेळवतात. चार जणांना प्रत्येकी २० नाणी देतात. हवी तेवढी स्वतःकडे ठेवायची, हवी तेवढी सामाईक पेटीत टाकायची. पेटीत पडलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही प्रत्येकी ०.४ नाणं मिळतं. म्हणजे एक नाणं टाकलं की गटाची कमाई १.६ होते, पण टाकणाऱ्याच्या हाती ०.४ च येतं. निव्वळ स्वार्थी माणूस काहीच टाकणार नाही. प्रत्यक्षात सुरुवातीच्या फेऱ्यांत लोक साधारण निम्मी नाणी टाकतात. पुढे मात्र फेरीगणिक हा आकडा घसरत जातो.

का घसरतो, याचं उत्तर उर्स फिशबाखर, सायमन गेश्टर आणि अर्न्स्ट फेर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिळालं. इतरांनी अमुक टाकली तर तुम्ही किती टाकाल, असं त्यांनी प्रत्येकाला विचारलं. सुमारे ३० टक्के लोक इतरांनी काहीही केलं तरी शून्यावर ठाम होते. पण जवळपास निम्म्या लोकांचं उत्तर एकच होतं: बाकीचे जितके देतील, त्या प्रमाणात मीही देईन. हा मधला मोठा गट निर्णायक ठरतो. काही जण फुकटचं खातात हे दिसलं की तो हात आखडता घेतो. मग फुकटे आणि दुखावलेले लोक दुरून सारखेच दिसतात, आणि आपण दोघांनाही ‘लोक उदासीन आहेत’ असं म्हणून मोकळे होतो. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. त्यातल्या अनेकांनी एकदा हात पुढे केलेला असतो.

याच खेळात एक बदल केला की चित्र पालटतं. कोणी किती टाकलं हे सगळ्यांना दिसू द्यायचं आणि न टाकणाऱ्याला थोडी पदरमोड करून दंड करण्याची मुभा द्यायची. मग घसरण थांबते, सहकार्य वाढूही लागतं. छोट्या गावात यातली पहिली अट आपोआप पुरी होते. घंटागाडी दाराशी थांबते तेव्हा कुणाचा कचरा वेगळा केलेला आणि कुणाचा एकत्र कोंबलेला, हे अख्ख्या वाडीच्या देखत कळतं. रागावायला कुणी लागत नाही. शेजारच्या काकूंची नजर पुरते. आणि गाडीवरच्या कामगाराला कुजक्या कचऱ्यात हात घालून काच-प्लॅस्टिक निवडावं लागत नाही. त्याच्या हातांचा विचार या चर्चांमध्ये फार थोड्या वेळा होतो.

परिसराची अवस्थाही माणसाशी बोलते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात २००८ साली संशोधक केस कायझर आणि सहकाऱ्यांनी गल्लीत लावलेल्या सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवले. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद तिथेच टाकला. त्याच भिंतीवर रंगाच्या रेघोट्या ओढल्यावर ६९ टक्के लोकांनी. घाण पाहिली की ‘इथे कुणी पाळत नाही’ एवढंच मनात येतं, आणि तो मधला निम्मा गट पुन्हा हात मागे घेतो. म्हणून वर्षातून एकदा किनारा झाडण्यापेक्षा तो रोज बरा ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं.

सिंधुदुर्गाला हे सगळं प्रयोगशाळेने शिकवायची गरज नव्हती. इथली रापण बघा. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं धरून, कितीतरी जणांनी मिळून ते किनाऱ्यावर ओढायचं. एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हे. रापणकारांचे संघ असतात, मासळीचे वाटे ठरलेले असतात, दोर ओढायला हात लावणाऱ्यालाही काहीतरी मिळतं. कोण ओढतंय आणि कोण नुसतं उभं आहे, ते सगळ्या वाळूला दिसतं. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशाच व्यवस्था अभ्यासल्या आणि त्या कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुर्कस्तानातल्या अलान्याचं त्यांनी दिलेलं उदाहरण फार बोलकं आहे. तिथले मच्छीमार दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा वाटून घेत आणि रोज एक जागा पुढे सरकत. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई. आपल्या पाळीच्या चांगल्या जागेवर दुसरा दिसला तर ज्याची पाळी तोच हटकत असे, त्यामुळे वेगळा पहारेकरी लागत नसे. अशा व्यवस्था टिकतात तिथे नियम घडवण्यात ते पाळणारे सामील असतात आणि पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते, हे ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं.

वेंगुर्ल्याच्याच मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या महिलांनी कांदळवन सफर सुरू केली. मच्छीमार घरांतल्या या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि चिखलातून वर आलेली श्वासमुळं, त्यांच्या आधाराने वाढणारी माशांची पिल्लं, खेकडे पर्यटकांना दाखवतात. जे कांदळवन अनेकांना दलदलीतलं झुडूप वाटायचं, ते उभं राहण्यात आता त्यांची मिळकत आहे. पण नुसत्या मिळकतीने हे समजावता येत नाही. ज्या खाडीत लहानपणापासून तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) वेचल्या, तिच्याबद्दल परक्यांसमोर अधिकाराने बोलायला मिळणं हेही त्यात आहे.

या शास्त्राला एक मर्यादा आहे आणि ती किनाऱ्यावरच सगळ्यात टोचते. पर्यटक. गावकऱ्याला उद्या पुन्हा त्याच माणसांना तोंड द्यायचं असतं. शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्याला तसं काही नसतं. शेजारच्या नजरेचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि गावाच्या बैठकीत ठरलेला नियम त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला सामावून घेण्याची जागा माझ्या मते घरगुती खानावळ आणि निवास हीच. तिथे त्याचं नाव माहीत असतं, त्याला जेवू घातलेलं असतं, आणि ‘ह्यो डबो ओल्या कचऱ्याचो’ असं सांगणारं माणूस समोर असतं. खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्रामपंचायतींचं काय, हा प्रश्न मात्र एका शहराच्या हद्दीत सुटणारा नाही. पाणी हद्द मानत नाही, म्हणून त्या गावांना वेंगुर्ल्यासोबत एकाच बैठकीत बसवावं लागेल, आणि वरच्या गावाने अडवलेल्या कचऱ्याचा खर्च खालच्याने किती उचलायचा हे तिथेच ठरावं लागेल.