लाखभर गोळ्या सोसलेली नळी

पॉइंट टू टू रायफलने (नळीचा व्यास सुमारे 0.22 इंच) 50 मीटरवर नियमित सराव करणारा नेमबाज एका दिवसात शंभर-दीडशे गोळ्या सहज झाडतो. वर्षाकाठी हा आकडा वीस-तीस हजारांच्या घरात जातो. मग एखाद्या महिन्यात गोळ्या दहाच्या वर्तुळातून निसटून नऊ-आठमध्ये पडायला लागल्या, की पहिला संशय नळीवर येतो. ‘नळी गेली’ म्हणतात आणि नव्या नळीची चौकशी सुरू होते. माझं ठाम मत आहे, की अशा बहुतेक वेळी नळी शाबूत असते. पॉइंट टू टूसारख्या रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका बसून गोळी सुटणाऱ्या, रायफलची नळी आपल्याला वाटते त्यापेक्षा खूपच चिवट असते, आणि ती झिजते तेव्हाही भलत्याच कारणाने झिजते.

आधी गोळीचा हिशोब करू. या काडतुसातली गोळी शिशाची, वजन साधारण 2.6 ग्रॅम. शिसं इतकं मऊ, की नखानेही ओरखडा उठतो. नळीचं पोलाद त्याच्या कित्येक पट कठीण, शिवाय गोळीवर मेणासारख्या वंगणाचा थर. म्हणजे गोळी नळीला घासते असं म्हणण्यापेक्षा नळीच गोळीवर आपल्या आतल्या चरांचा ठसा उमटवते, असं म्हणायला हवं. त्या पिळदार चरांमुळे गोळी साधारण 40 सेंटिमीटर अंतरात एक गिरकी घेते आणि सेकंदाला सुमारे 800 गिरक्यांच्या वेगाने बाहेर पडते. नळीतला तिचा मुक्काम जेमतेम अडीच मिलिसेकंदांचा. लाख गोळ्या झाडल्या, तर 260 किलो शिसं त्या नळीतून गेलेलं असतं, पण सगळा वेळ मिळून चार-सव्वाचार मिनिटंच!

मोठ्या काडतुसांच्या रायफली काही हजार गोळ्यांतच थकतात, त्याचं कारण उष्णता. पॉइंट थ्री झिरो एट या मोठ्या काडतुसात जवळजवळ तीन ग्रॅम दारू जळते. तिचा तप्त वायू प्रचंड दाबाने चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीच्या, पुढच्या भागावर आदळतो. पोलादाचा पृष्ठभाग तापतो, निवतो, पुन्हा तापतो. हळूहळू त्याला वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांच्या कडा वाहून जातात. पॉइंट टू टूमध्ये दारू असते ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी, आणि वायूचा दाब निम्म्याहून बराच कमी. नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाशी भागून पाहिलं, तर मोठ्या काडतुसात दर चौरस सेंटिमीटरमागे पंधरा-वीस पट दारू जळते. त्यामुळे भेगा पाडणारी ती होरपळ इथे जवळपास नसतेच.

मग झीज होते कशाने? उत्तर काडतुसाच्या नावातच आहे. रिम म्हणजे कडा. रिमफायरला दारू पेटवणारी वेगळी टोपी नसते. काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तळाची कडा आतून पोकळ असते आणि स्फोटक मिश्रण त्या कडेत भरलेलं असतं. फायरिंग पिन कडेवर आदळते, पितळ चेपतं, मिश्रण दोन भिंतींत चिरडलं जातं आणि पेटतं. नुसत्या चिरडण्याने ते भरवशाने पेटावं, म्हणून त्यात घर्षण वाढवणारा पदार्थ मिसळतात. तो पदार्थ म्हणजे काचेची बारीक पूड.

एका काडतुसात ती किती? चिमटीतही धरता येणार नाही इतकी. पण काच पोलादाला ओरखडू शकते, आणि ही पूड दर गोळीमागे नळीत येते. वायूबरोबर पुढे फेकली जाते, जळलेल्या काजळीत मिसळते आणि थोडी नळीच्या खालच्या बाजूला साचते. पुढची गोळी त्या थरावरून जाते. मऊ शिशात काचेचे कण रुतले, की गोळीची ती बाजू पॉलिश पेपरसारखी होते. म्हणून खूप वापरलेल्या नळीत बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायची बारीक दुर्बीण) सरकवला, की झीज सगळीकडे सारखी दिसत नाही. चेंबरच्या लगेच पुढे, घड्याळातल्या सहाच्या जागी, एक राखाडी, खरबरीत पट्टा दिसतो. तिथे चरांच्या कडा बोथटलेल्या असतात. वर बाराच्या बाजूला मात्र यंत्रकामाच्या बारीक रेषासुद्धा शाबूत सापडतात.

शंभर वर्षांपूर्वी गोष्ट वेगळी होती. तेव्हाच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून उरणारा क्षार मिठासारखा हवेतला ओलावा शोषून घेई, आणि त्याच दिवशी साफ न केलेली नळी गंजायला लागे. 1920च्या दशकात न गंजवणारी मिश्रणं बाजारात आली. नळीचं आयुष्य वाढवणारा याहून मोठा शोध दुसरा नसावा.

चिवटपणाची कल्पना यायची असेल, तर 1959 सालचा टॉम फ्राय आठवावा. या अमेरिकी नेमबाजाने हवेत फेकलेल्या 1,00,010 लाकडी ठोकळ्यांवर रेमिंग्टन नायलॉन 66 जातीच्या रायफलींनी नेम धरला. चुकले फक्त सहा. त्याआधी 1907 मध्ये ॲड टोपरवाइनने 72,500 ठोकळ्यांपैकी नऊच सोडले होते. अर्थात उडता ठोकळा टिपायला लागणारी अचूकता आणि कागदावरचं दहाचं वर्तुळ यांत फार अंतर आहे. 50 मीटरच्या निशाण्यावर त्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. त्यासाठी झुंजणाऱ्याला ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या छिद्रांचा पुंजका, दोन-तीन मिलिमीटरने फुगला तरी चालत नाही. म्हणून नळीचं आयुष्य सांगताना नुसता आकडा पुरत नाही. हौशी नेमबाजाची नळी लाखो गोळ्या काढेल, तर तीच नळी स्पर्धकाला त्याच्या कितीतरी आधी नकोशी होईल.

आता ‘गेलेल्या’ नळीविषयी. चेंबर संपतो तिथे काजळी, शिसं आणि काच यांचं एक कडक कडं जमतं. साध्या चिंधीने ते निघत नाही. त्यातून जाताना मऊ गोळी दबते, वंगण खरवडलं जातं आणि ग्रुप विस्कटतो. नळी साफ करायच्या द्रावणात भिजवलेली चिंधी थोडा वेळ तिथे राहू द्यावी आणि मग ब्राँझचा ब्रश फिरवावा. नळी बदलायला निघालेल्या प्रत्येकाने आधी एवढं करून पाहावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सफाईचा अतिरेकही तितकाच वाईट. सफाईचा जोडाचा, वाकणारा लोखंडी गज नळीच्या तोंडाकडून आत घातला, की तो दर वेळी तोंडाची कडा घासतो. गोळीला शेवटचा आधार याच कडेचा. ती एका बाजूने झिजली, की वायू आधी त्या बाजूने निसटतो आणि गोळी तिरकी होते. गज अखंड, आवरणाचा आणि मागून, गज सरळ धरणाऱ्या गाईडमधून घातलेला हवा. बऱ्याच जुन्या रायफलींत काडतुसाशिवाय घोडा ओढला, तर पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पडतो, तेही जपावं.

खरोखर झिजलेली नळीही लगेच भंगारात जात नाही. झीज मागच्या टोकाला असल्याने कुशल कारागीर तेवढा इंचभर भाग कापतो आणि नवं चेंबर कोरतो. तोंडाकडची बाजू शक्यतो कापत नाहीत, कारण स्पर्धेच्या अनेक नळ्या तिथे मुद्दाम किंचित अरुंद ठेवलेल्या असतात. कापलेला तो तुकडा उभा चिरला, तर एका फाळक्यात काचेने ओरबाडलेला राखाडी पट्टा दिसतो आणि दुसऱ्यात चरांच्या कडा अजून धारदार असतात.