रिटेनरऐवजी नाइट गार्ड चालतो का?

दातांच्या तारा काढून वर्ष होत आलं की बरेच पेशंट आमच्या दवाखान्यात येऊन हेच विचारतात, की रात्री झोपेत दात खातो म्हणून गार्ड करून घेतलाय, आता रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा साचा) कधी लावायचा, दोन्ही तर एकावर एक बसत नाही. बरोबर आहे, बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नका.

सगळं गार्ड कोणता आहे त्यावर आहे. तारा निघाल्या तरी दाताच्या मुळाभोवतीचे तंतू त्याला जुन्या जागेकडे ओढत राहतात, रिटेनर तेवढं थांबवतो. गार्डचं काम वरचे-खालचे दात एकमेकांवर घासू न देणं. पण तुमच्याच दातांचं माप घेऊन बनवलेला, कडक, शेवटच्या दाढेपर्यंत सगळे दात झाकणारा गार्ड असेल तर तो त्या जबड्याचे दात धरूनही ठेवतो. फक्त त्याच जबड्याचे हं. वर गार्ड घालताय तर खालचा रिटेनर चालूच ठेवायचा, हे लोक हमखास विसरतात आणि मग खालचे पुढचे दात परत वाकडे व्हायला लागतात.

मेडिकलमधून आणलेला, गरम पाण्यात टाकून चावायचा मऊ गार्ड रिटेनर म्हणून अजिबात नको. फक्त पुढच्या दातांवर बसणारा पण नको, त्याने मागच्या दाढा सरकू शकतात. उलट पण करू नका, म्हणजे पारदर्शक रिटेनर गार्डसारखा वापरणं. तो जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो, जोरात दात खाणाऱ्याचा लवकर तडकतो.

तारा नुकत्याच निघाल्या असतील तर रिटेनर बहुतेक दिवसासुद्धा लागतो, तेव्हा नुसत्या रात्रीच्या गार्डवर भागत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नका.

धुवायला साधं गार पाणी आणि मऊ ब्रश, पेस्ट नको, चरे पडतात. उकळतं पाणी तर नकोच. आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गाडीच्या डिक्कीत विसरलेला रिटेनर वाकडा होऊन येतो, मग तो बसत नाही.

गार्ड घालताना घट्ट लागला, दाबून बसवावा लागला, म्हणजे दात जागेवरून सरकायला लागलेत. वाट बघू नका, त्याच आठवड्यात या. येताना जुना रिटेनर पण आणा, डबीत घालून, रुमालात गुंडाळून नको.